मडफ्लॅप: चिखल, रस्ते आणि रबराचा एक तुकडा

आजचा विषय मोटारसायकलच्या पुढच्या चाकामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर लटकत असतो. मडफ्लॅप. कोणी त्याला नुसतं फ्लॅप म्हणतं, कोणी मडगार्डचं रबर म्हणतं. आम्ही इंदूरची मंडळी तर सरळ ‘पट्टा’ म्हणून मोकळे होतो. लांबच्या प्रवासाला निघायचं ठरलं की लोक महागड्या बॅगा घेतात, जॅकेट घेतात, मोबाइलचा स्टँड घेतात. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी म्हणतं, अरे, पट्टा राहिला!

मला या पट्ट्याचं नेहमी नवल वाटत आलं आहे. गाडी लाखो रुपयांची असते. ती बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअरांची फौज असते. तरीही मालकाला रबराचा एक तुकडा स्वतः कापून, भोकं पाडून, बोल्टाने आवळून लावावा लागतो. बरं, हे काही आजचं नाही. मोटारसायकल जन्माला आली तेव्हापासून चिखलाचं काय करायचं हा प्रश्न तिच्या मागे लागलेला आहे, आणि सव्वाशे वर्षांत त्याला कायमचं उत्तर सापडलेलं नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. गाडी बनवणारा एक रस्ता डोळ्यांसमोर ठेवून गाडी बनवतो. चालवणाऱ्याच्या वाट्याला दुसराच रस्ता येतो. या दोन रस्त्यांत जेवढं अंतर पडतं, तेवढ्या लांबीचा मडफ्लॅप लागतो. म्हणून मडफ्लॅपचा इतिहास हा खरं तर रस्त्यांचा इतिहास आहे, आणि चिखल कोणाच्या अंगावर उडालेला चालतो याचाही.

चिखल नेमका उडतो कसा?

इतिहासात शिरण्याआधी दोन मिनिटं चाकाकडे बघू. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल, तर टायरचा पृष्ठभागही गाडीच्या तुलनेत ताशी ६० किलोमीटरनेच फिरत असतो. टायरला चिकटलेला पाण्याचा थेंब सुटतो तेव्हा तो चाकाच्या स्पर्शरेषेत, म्हणजे गोफणीतून दगड सुटावा तसा, सरळ निघतो. जमिनीला टेकून नुकताच वर येऊ लागलेला थेंब सुटला, तर तो जवळजवळ आडवा मागे जातो. थोडा वर आल्यावर सुटला, तर मागे आणि वर जातो. पुढच्या चाकाच्या मागे काय असतं? इंजिन, सायलेन्सरचा बेंड आणि तुमचे बूट.

टायरच्या वरच्या भागातून सुटणारं पाणी मडगार्ड अडवतं. खरा उपद्रव खालच्या भागातून सुटणाऱ्या पाण्याचा. म्हणून मडगार्डच्या खालच्या टोकाला वाढवलेला एक इंच हा वरच्या टोकाच्या चार इंचांपेक्षा जास्त कामाचा असतो.

आणखी एक गोष्ट. वेग वाढला की थेंब टायरला चिकटून राहू शकत नाही, तो लवकर सुटतो. लवकर म्हणजे खाली, जमिनीजवळ. ताशी ४० किलोमीटरला पुरेसं असणारं मडगार्ड ताशी ८०ला अपुरं पडतं ते यामुळे. हे लक्षात ठेवा, कारण पुढची बरीचशी गोष्ट यातूनच उलगडते. रस्ते सुधारले, गाड्या वेगात धावू लागल्या, तरी पट्ट्याची गरज संपली नाही.

मडगार्डातलं पाणी

१८९४ साली जर्मनीत म्युनिकला ‘हिल्डेब्रांड उंड वोल्फम्युलर’ नावाची गाडी विक्रीला आली. कारखान्यात अनेक संख्येने बनवून लोकांना विकलेली ही जगातली पहिली मोटारसायकल मानतात. तिचं मागचं मडगार्ड बघण्यासारखं होतं. ते पोकळ होतं, आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी त्यातच साठवलेलं असे. म्हणजे बाहेरून चिखल अडवायचा आणि आतून इंजिनची उष्णता घ्यायची, अशी दुहेरी नोकरी.

त्या पहिल्या पिढीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद चाकापर्यंत पट्ट्याने, म्हणजे बेल्टने, पोचवलेली असे. हा पट्टा चामड्याचा किंवा रबर-कापडाचा. तो ओला झाला की घसरू लागे. इंजिन फिरतंय, गाडी मात्र चढावर जागची हलत नाही, असा प्रकार. त्यात ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उघड्यावर असला तर पाण्याने तोही मान टाकायचा. तेव्हा मडगार्ड ही कपडे स्वच्छ राहावेत म्हणून केलेली चैन नव्हती. ते नसलं तर पावसात गाडी घरी पोचेलच याची खात्री नसे. पुढे साखळी आली, बेल्ट गेला, मॅग्नेटो झाकला गेला. तसतशी मडगार्डची यांत्रिक गरज कमी होत गेली आणि ते हळूहळू सौंदर्याच्या प्रांतात सरकलं.

झाकावं की मोकळं सोडावं?

इथे एक पेच उभा राहिला, जो आजही सुटलेला नाही.

पाणी अडवायचं असेल तर मडगार्ड टायरच्या जवळ हवं, बाजूंनी खाली उतरलेलं हवं, मागे लांब हवं. पण चिकट मातीत नेमकं हेच मडगार्ड घात करतं. टायर माती उचलतं, ती मडगार्डच्या आत थापली जाते, थर वाढत जातात आणि शेवटी चाकच अडकतं. दोन्ही महायुद्धांत मोटारसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या शिपायांनी हा अनुभव भरपूर घेतला.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेत सापडतं. १९४० साली ‘इंडियन’ या अमेरिकी कंपनीने (नावावर जाऊ नका, आपला तिच्याशी संबंध नाही) आपल्या ‘चीफ’ गाडीला चाकाचा मोठा भाग झाकणारी घोळदार मडगार्डं दिली. ती गाडी आजही त्या घोळावरूनच ओळखली जाते. दिसायला ऐट अशी की बघत राहावं. पण त्याच सुमारास हार्ले-डेव्हिडसनने लष्करासाठी आपल्या नागरी ‘डब्ल्यूएल’ गाडीचं ‘डब्ल्यूएलए’ हे रूप तयार केलं, तेव्हा मडगार्डच्या खाली उतरलेल्या बाजू चक्क काढून टाकल्या. कारण एकच, आत चिखल साचू नये. गावातल्या डांबरी रस्त्यासाठी घोळ आणि रणांगणासाठी उघडं चाक.

युद्ध संपलं, लष्करी गाड्या स्वस्तात बाजारात आल्या, आणि तरुणांनी मडगार्डं आणखी छाटायला सुरुवात केली. शेपूट छाटलेल्या घोड्यासारखी दिसणारी ही ‘बॉबर’ गाडी पुढे फॅशन झाली. एका पिढीने चिखलासाठी जे केलं, ते पुढच्या पिढीने दिसण्यासाठी केलं.

युरोपात उत्तर वेगळं निघालं. १९४६ साली इटलीत पियाजिओ कंपनीची व्हेस्पा आली. तिचा आराखडा कोराडिनो द’अस्कानियो या विमानं-हेलिकॉप्टरवाल्या इंजिनिअरचा. त्याला मोटारसायकल अडचणीची आणि कपडे मळवणारी वाटायची. त्याने पायांपुढे पत्र्याची ढाल उभी केली, इंजिन पत्र्याआड मागे नेलं आणि चालवणाऱ्याला खुर्चीवर बसवावं तसं बसवलं. म्हणजे सगळी गाडीच मडगार्ड! आपल्याकडे बजाजने आधी परवान्यावर व्हेस्पा बनवली आणि १९७२ साली चेतक आणली. पांढरा शर्ट घालून ऑफिसला जाणाऱ्या माणसाने, मागे बायको आणि पुढे मूल उभं करून, चेतकलाच का पसंती दिली याचं एक उत्तर त्या पत्र्याच्या ढालीत आहे. तरीही चेतकच्या मागच्या चाकामागे रबराचा फ्लॅप असायचाच. मागून येणारा सायकलवालाही शेवटी माणूसच.

आपले रस्ते, आपली माती

आता भारतात येऊ. इथे माझ्या डोळ्यांसमोर दोन मराठी धागे येतात.

पहिला धागा बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांचा. १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष जयकर. मोटारी वाढताहेत, रस्ते मात्र बैलगाडीच्या काळातले आहेत, आणि हा भार एकट्या स्थानिक संस्थांना पेलणार नाही, हे या समितीने ओळखलं. तिच्या शिफारशींतून १९२९ साली पेट्रोलवरच्या जादा करातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला, आणि पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. दुसरा धागा नागपूरचा. १९४३ साली देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामरस्ते अशी आजही वापरात असलेली उतरंड तिथे आखली गेली. ‘नागपूर आराखडा’ या नावानेच ती ओळखली जाते.

आराखडा झाला, पण डांबर यायला वेळ लागला. १९५१ साली देशात सुमारे ४ लाख किलोमीटर रस्ते होते आणि त्यातले निम्म्याहून बरेच कमी पक्के होते. अशा देशात १९५५ साली रॉयल एन्फील्ड आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एन्फील्ड इंडिया ही कंपनी काढली, आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बुलेट बनू लागली. बुलेटचं लोखंडी मडगार्ड तसं खोल आणि मजबूत. पण ते आखलेलं इंग्लंडसाठी. तिथला पाऊस बारीक आणि रस्ता डांबरी. आपल्याकडे पाऊस धो धो आणि रस्त्याच्या कडेला, बऱ्याचदा मधोमधही, माती.

आणि माती तरी एकच आहे का? कोकणातल्या जांभ्याच्या रस्त्यावरचं लाल पाणी कपड्यावर पडलं की तो डाग जन्मभराचा. पण ते पातळ असतं, उडतं आणि वाहून जातं. याला लांब फ्लॅप हेच औषध. आमच्या माळव्यातली काळी माती वेगळी. विदर्भ, मराठवाडा, गुजरात, उत्तर कर्नाटकातल्या श्रोत्यांना ती ओळखीची आहे. ती ओली झाली की उडत नाही, चिकटते. पावसाळ्यात शेताच्या रस्त्यावर शंभर पावलं गाडी नेली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये मातीचा वीट-थर बसतो. मग काडीने, स्क्रूड्रायव्हरने, नाहीतर हाताने ती माती उकरायची. माझ्या लहानपणी इंदूरच्या आसपासच्या खेड्यांतून दूध आणणारे राजदूतवाले मी पाहिले आहेत. पावसाळ्यात त्यांच्यातले काहीजण पुढचं मडगार्ड वर उचलून बसवायचे, काहीजण ते पार काढूनच ठेवायचे. चिखलाने माखलेले पाय त्यांना चालत होते, अडकलेलं चाक चालत नव्हतं. हार्लेच्या लष्करी गाडीवर जो निर्णय झाला, तोच या दूधवाल्यांनी पान्हा हातात घेऊन स्वतः केला होता.

१९८०च्या दशकात जपानी सहकार्याने हलक्या १०० सीसी गाड्या आल्या. टीव्हीएसची इंड-सुझुकी, हिरो होंडाची सीडी १००, एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १००, बजाजची कावासाकी. या गाड्या देशभर खेड्यापाड्यांत पोचल्या आणि मडगार्डखाली लटकणारा रबरी फ्लॅप हे नेहमीचं दृश्य झालं. त्यावर गाडीचं नाव, गावाचं नाव, देवाचं नाव, मुलांची नावं. फ्लॅप हा गरिबाचा नामफलकही झाला.

साडीगार्ड: कायद्यात लिहिलेलं वस्त्र

मडफ्लॅपचा एक भाऊबंद आहे, त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. साडीगार्ड.

मागच्या चाकाच्या डाव्या बाजूची ती जाळी. आपल्याकडे अनेक बायका मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसतात. पदर, ओढणी, निऱ्या चाकाच्या आऱ्यांपासून हातभर अंतरावर. कापड आऱ्यांत गेलं की क्षणात गुंडाळलं जातं आणि बसणारी व्यक्ती खाली खेचली जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १२३वा नियम यासाठीच आहे. प्रत्येक मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, जेणेकरून कपडे चाकात अडकणार नाहीत.

मला हा नियम वाचताना नेहमी थांबायला होतं. मोटारसायकल जगभर एकट्या पुरुषाच्या हौसेचं वाहन म्हणून आखली गेली. इथे मात्र कायद्याने कारखानदाराला सांगितलं, की मागे बसलेल्या माणसाचे कपडेही तुझ्या आराखड्यात धर. आणि आज काय होतं? नवी गाडी शोरूममधून बाहेर पडते आणि पहिल्या आठवड्यात साडीगार्ड खोलून माळ्यावर टाकलं जातं. का? तर गाडीचा लूक बिघडतो. मंडळी, ती जाळी काढणारा माणूस त्या सीटवर कधी बसत नाही.

चोच आणि रेडिएटर

टूरिंगच्या गाड्यांकडे वळू. १९७८च्या डिसेंबरात पहिली पॅरिस-डकार शर्यत सुटली. १९८०ला बीएमडब्ल्यूची ‘आर ८० जी/एस’ आली आणि लांब पल्ल्याच्या गाडीला वाळवंटातल्या गाडीचं रूप मिळालं. पुढचं मडगार्ड टायरपासून वर उचललेलं, पुढे १९८८च्या सुझुकी ‘डीआर बिग’पासून तर पक्ष्याच्या चोचीसारखं. उंच मडगार्डात माती अडकत नाही हे खरं. पण तीच गाडी पावसाळ्यात महामार्गावर नेली, की पुढच्या चाकाचं पाणी थेट इंजिनावर आणि बुटांवर.

त्यात आता बऱ्याच टूरिंग गाड्यांना पुढे रेडिएटर असतो. त्याच्या बारीक पत्र्यांमध्ये माती सुकून बसली की हवा जात नाही आणि इंजिन तापतं. चाकाने उडवलेला खडा लागला तर पत्रे वाकतात. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या पाळ्यांमध्येही असाच मातीचा लेप बसतो. मागच्या चाकापुढे असणाऱ्या मोनोशॉकवर चिखलाचा मारा होतो तो वेगळाच. शंभर वर्षांपूर्वी बेल्ट घसरू नये म्हणून लावलेलं मडगार्ड सौंदर्याच्या प्रांतात गेलं होतं. रेडिएटरमुळे ते पुन्हा यंत्राच्या कामाला आलं. पण तोवर कंपन्यांनी ते छाटून टाकलं होतं. म्हणून पट्टा.

लावायचा कसा?

आता मुद्द्याचं. इतिहासातून जे शिकलो ते पान्ह्यात उतरलं पाहिजे.

रबर निवडताना ट्रकची ट्यूब घेऊ नका. ती पातळ असते, वेगात फडफडते. जुन्या कन्व्हेयर बेल्टचं रबर उत्तम. त्यात कापडाचे थर असतात, त्यामुळे बोल्टची भोकं फाटत नाहीत. साधारण ३ मिलिमीटर जाडी पुरते. कडक प्लास्टिक टाळा. दगड लागला की ते तरी तुटतं, नाहीतर मडगार्ड तरी तोडतं.

कापण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करा आणि दोरीने बांधून बघा. गाडीवर दोघं बसा, पुढचा ब्रेक दाबून फोर्क खाली दाबा. मडगार्ड चाकाबरोबर वर येतं, त्यामुळे टायरपासूनचं अंतर बदलत नाही, पण फ्लॅप आणि इंजिन किंवा सायलेन्सरचा बेंड यांच्यातलं अंतर कमी होतं. गरम बेंडला रबर टेकता कामा नये. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, क्रॅशगार्डला घासतोय का. खालची कड जमिनीपासून चार-पाच बोटं तरी वर हवी, नाहीतर पहिल्याच मोठ्या गतिरोधकावर ती घासेल.

भोकं पाडताना कडेपासून आत पाडा. उघड्या झालेल्या पत्र्याला लगेच प्रायमर लावा, गंज तिथूनच सुरू होतो. बोल्टाचं गोल डोकं आतून, टायरच्या बाजूला, आणि नट बाहेरून. उलटं केलंत तर बोल्टाचं टोक टायरकडे राहील. नट नायलॉनचे, आपोआप न सुटणारे घ्या. रबराच्या बाजूला रुंद वॉशर किंवा अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी घाला, म्हणजे ओढ एका भोकावर न येता सगळीकडे वाटली जाईल.

रिव्हेट मात्र मारू नका. कारण तुम्ही आज घाटात असाल, उद्या काळ्या मातीत. आमच्या गटाने एकदा जुलैत मांडूहून आडरस्त्याने परतताना हे अनुभवलं. पाऊस, काळी माती, आणि सहापैकी दोन गाड्यांचे फ्लॅप रिव्हेटने ठोकलेले. चौघांनी दहा मिनिटांत पट्टे सोडले, बॅगेत टाकले आणि निघाले. उरलेल्या दोघांना दर अर्ध्या किलोमीटरला थांबून माती उकरावी लागली. बोल्ट असला की झाकायचं की मोकळं सोडायचं हा निर्णय तुमच्या हातात राहतो.

आणि एक सांगायचं राहिलं. पुढचा फ्लॅप तुमचे बूट आणि तुमचं इंजिन वाचवतो. मागचा फ्लॅप तुम्हाला काहीच देत नाही. तो मागून येणाऱ्याला देतो. पावसात सायकलवरून शाळेत जाणारी मुलगी, रस्त्याच्या कडेने डोक्यावर भारा घेऊन चाललेली बाई, तुमच्याच गटातला मागचा भिडू. आपण एका सुंदर दऱ्याखोऱ्यांच्या प्रदेशातून जातो, फोटो काढतो, परत येतो. तिथल्या माणसांच्या अंगावर आपण काय ठेवून आलो, याचा फोटो कोणी काढत नाही. म्हणून आमच्या गटात एक नियम आहे. पुढचा पट्टा ज्याच्या त्याच्या मर्जीवर, मागचा सगळ्यांना सक्तीचा.

तुम्ही बेळगावात असाल, बडोद्यात, हैदराबादेत किंवा रायपुरात. तुमच्या भागातली माती कुठली, आणि तिच्यासाठी तिथले लोक गाडीला काय करतात, ते मला जरूर कळवा. पुस्तकांत ही माहिती सापडत नाही, गॅरेजमध्ये सापडते. आणि साडीगार्ड माळ्यावर असेल, तर या रविवारी ते खाली काढा. दोन बोल्टांचं काम आहे.

पुढच्या भागात भेटू.